जुन्या कॅसेट डिजिटल करायच्यात? नारायण पेठेतल्या काकांकडे जा

५ पैकी ५ स्टार. आम्ही एकूण सहा कॅसेट दिल्या, चार माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या आणि दोन माझ्या मैत्रिणीच्या. ती तुर्कस्तानातल्या देरसिमची, सरकारी नाव तुंजेली, अलेवी (तिकडचा एक अल्पसंख्य धर्मपंथ) घरातली, इथे पुण्यात माझ्यासोबत भाषाविज्ञान शिकते. तिच्या कॅसेटवर तिची आजी झाझाकी बोलते आणि मग घरातलेच कोणीतरी साझवर (तिकडचं तंतुवाद्य) भजनासारखं गातात. ही भाषा युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत आहे. १९८३ ते १९९१ तिकडे कायद्यानेच अशा भाषांवर बंदी होती, त्यात १९८७ ला घरात बसून केलेलं हे रेकॉर्डिंग, म्हणजे विचार करा.

आधी दुसऱ्या एका दुकानात तिची एक कॅसेट दिली होती, त्यांनी एमपीथ्री करून दिलं आणि "क्लीन" करताना सुरुवातीची शांतता आणि बोलणं कापून टाकलं. आजी गावाचं आणि गाणाऱ्यांचं नाव तिथेच सांगत होती! मैत्रीण रडायलाच लागली, नशीब मूळ कॅसेट शाबूत होती.

काकांनी आधी विचारलं, हे कशासाठी हवंय. सांगितलं की तिच्या ओळखीचे जर्मनीतले काही अलेवी लोक आणि अभ्यासक मिळून असं रेकॉर्डिंग जपतायत, अर्काइव्हला द्यायचंय, तर म्हणाले मग खरखर अजिबात काढणार नाही, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली मोठी फाइल देतो, तासाला साधारण १ जीबी होईल, मोठा पेनड्राइव्ह आणा. एका कॅसेटमधला टेप दाबून धरणारा स्पंजचा तुकडा निखळला होता, त्यांनी जुन्या कॅसेटमधला काढून चिमट्याने बसवला, मग हेडचा बारीक स्क्रू फिरवत फिरवत ऐकत राहिले आणि दबलेला आवाज एकदम मोकळा झाला. वरच्या टॅबही तोडून दिल्या, चुकून कोणी त्यावर रेकॉर्ड करायला नको म्हणून. प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले, लेबलवरचं अक्षर सुद्धा दिसेल असे.

टेप चालू असताना मैत्रिणीची आजी कुठल्या तरी लेकराला आकडे शिकवत होती, त्यात "चार" आलं, "नेव", "देस" आलं आणि काकांनी मान वर केली. म्हणाले, अगं हे तर आपल्यासारखंच. आहेच, लांबची नातेवाईक भाषा ती. मग माझ्या आजीची ओवी लागली तेव्हा मैत्रीण डोळे मिटून ऐकत बसली. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा १ लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून जमवल्यात, ते काकांना माहीत होतं, मला फार बरं वाटलं.

एका कॅसेटचे ३५० रुपये घेतले, जास्त वाटतील पण तासाची टेप तासभरच चालवावी लागते आणि ते शेजारी बसून ऐकतात. आठ दिवस लागले. पार्किंगचं मात्र काही खरं नाही, बसने जा.

जाताना एक करा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून कोण बोलतंय, कुठल्या गावचं, कुठल्या साली, ते कागदावर लिहून न्या. आजीच्या तिसऱ्या कॅसेटवर तिच्याबरोबर अजून एक बाई ओव्या म्हणतेय, सुरेख गळा आहे, पण ती कोण हे सांगणारं आता आमच्या घरात कोणीच उरलं नाहीये.