व्हर्च्युअलबॉक्स आणि खालच्या पट्टीतलं हिरवं कासव

कराडात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्षश्राद्धाची कार्डं. वीस वर्षांची कामं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत, तीही युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत. त्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून आत विंडोज एक्सपी ठेवलाय. गिऱ्हाईक म्हणतं, "थोरलीची होती तीच पत्रिका, फक्त नावं बदला." एक्सपी उघडायचा, नावं बदलायची, पीडीएफ काढायची. चार वर्षं हेच चाललंय.

आधी गुण देऊन टाकतो : पाचपैकी चार. मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे आणि धंद्यातही चालतं. जोडीचा एक्स्टेंशन पॅक मात्र फक्त घरगुती किंवा शिक्षणाच्या वापराला फुकट, त्यामुळे छापखान्यात मी तो टाकलेला नाही आणि अडलंही नाही. स्नॅपशॉटची सोय तर माझ्या फार आवडीची. फॉन्ट टाकताना एक्सपी बिघडला तर मागच्या स्नॅपशॉटवर जायचं, पुन्हा सगळं जागच्या जागी.

आता पाचवा गुण का कापला ते.

तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची रांग लागली आणि नेमकं तेव्हाच लॅपटॉपनं रविवारी अपडेट घेतले. सोमवारी एक्सपी चालू केला. त्याच्या काळ्या पडद्यावर तीन निळे चौकोन डावीकडून उजवीकडे पळतात, ते आठवत असतील. एरवी ते चार-पाच फेऱ्या मारतात आणि ४० सेकंदांत डेस्कटॉप येतो. त्या दिवशी चौकोन अडखळत निघाले, मध्येच थांबले, पुन्हा निघाले. मी चहा पिऊन आलो तरी फेऱ्या चालूच. घड्याळ लावलं तर नऊ मिनिटं! पेजमेकरमध्ये 'श्री' टाइप केला, तो कागदावर उमटेपर्यंत मी पुढचा शब्द विसरलो.

एका दुकानात दाखवलं. "काका, रॅम टाका," म्हणाला. २,२०० रुपये देऊन टाकली. एक्सपीला मी एकच जीबी दिलेली होती, ती कधी कमी पडली नव्हती, हे घरी आल्यावर सुचलं. वेळ तेवढाच, नऊ मिनिटं.

मग एक्सपीच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. डिस्क, नेटवर्क, यूएसबी यांच्या बारक्या चित्रांच्या ओळीत एक हिरवं कासव बसलेलं. आधी तिथं 'व्ही' असायचा. मला वाटलं, चित्रं बदलली असतील. पण ते कासव खरंच तक्रार सांगत होतं. प्रोसेसरमध्ये असली मशीन वेगानं चालवायची जी सोय असते, तिच्यावर विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही (असली मशीन चालवणारा हायपरव्हायजर) आधी बसला, तर व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं. चालतं, पण कासवाच्या चालीनं. मशीनवर राइट-क्लिक करून लॉग पाहिला तर त्यातही तेच : व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली तीच सोय) मिळत नाही, दुसऱ्या मार्गानं जातो. निदान इतकं स्पष्ट लिहून ठेवलंय, पण सांगायचं कुठं, तर मुगाच्या दाण्याएवढ्या चित्रात! माझा कापलेला गुण तो हाच.

आठवडाभर मी अपडेटला शिव्या घातल्या. पण अपडेटनंतर सिक्युरिटीच्या खिडकीत पिवळं उद्गारचिन्ह दिसलं म्हणून 'मेमरी इंटिग्रिटी'चं बटण मीच चालू केलं होतं. ते संरक्षणही त्याच हायपरव्हायजरवर चालतं. बटण बंद केलं, रीस्टार्ट केलं. कासव जागेवरच. 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून अगदी तळाशी पाहिलं, तर हायपरव्हायजर सापडला आहे असं लिहिलेलं.

"बाबा, रविवारी मी लिनक्स टाकलंय," लेक म्हणाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विंडोजच्या आतलं लिनक्स, डब्ल्यूएसएल २, तिला अभ्यासाला लागतं. त्यासाठी रीस्टार्ट मागितला तेव्हाच अपडेटही बसले. आणि तिच्या लिनक्सला हायपरव्हायजर हवाच.

तोड तिनंच काढली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, 'बीसीडीएडिट' या आज्ञेनं बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होण्याच्या, चालू नोंदीची नक्कल केली आणि फक्त नकलेत हायपरव्हायजर बंद ठेवला. तुम्ही करणार असाल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, बूटमध्ये हात घातल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो. मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवणं मला पूर्ण पटलेलं नाही. खोडसाळ ड्रायव्हरपासूनचं संरक्षण आहे ते. म्हणून एक्सपीचं नेटवर्क तरी 'नॉट अटॅच्ड' करून टाकलंय. पीडीएफ शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येते.

नव्या नोंदीतून चालू केलं आणि कोपऱ्यात 'व्ही' परत आला. एक्सपी ३८ सेकंदांत. रॅम मात्र परत घेतली नाही दुकानानं.

आता सकाळी लॅपटॉप लावला की निळ्या पडद्यावर दोन नावं येतात, खालच्या नोंदीला तिनं 'बाबा' नाव दिलंय. तीस सेकंदांत काही निवडलं नाही तर वरची चालू होते. वरची तिची.