काडो-एनएफएस: घरच्या लॅपटॉपवर १०० अंकी संख्या फोडायची असेल तर

काडो-एनएफएस हे सॉफ्टवेअर दोन महिने वापरतोय, आता लिहितो. मोठ्या संख्यांचे मूळ अवयव पाडायचा नाद असेल तर हे घ्याच. फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या संशोधकांचं आहे, फुकट आहे, कोडपण सगळा ओपन. आरएसए-२५० ही अवयव पाडायचं आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये यावरच फुटली, प्रोसेसरचा एकच कोर लावला असता तर साधारण २७०० वर्षं लागली असती एवढं काम होतं ते, म्हणजे ते आपलं नाही, पण आपल्याला जमेल असंही भरपूर आहे.

मी त्याच यादीतली १०० अंकी आरएसए-१०० लावली, १९९१ मध्ये पहिल्यांदा फुटलेली. कमांडपुढे संख्या पेस्ट करायची बस, किती अंकी आहे ते बघून बाकीचं सेटिंग तोच उचलतो. आधी सोयीची पॉलिनॉमियल (बहुपदी) शोधतो, मग सीव्हिंग, म्हणजे चाळणी लावून उपयोगी जोड्या वेचणं, आणि खरा वेळ तिथेच जातो, सगळे कोर फुल आणि लॅपटॉपचा पंखा नुसता घोंघावतोय. मग डुप्लिकेट काढणं, मोठ्ठा मॅट्रिक्स सोडवणं, शेवटी वर्गमूळ. जेवण करून लावलं आणि झोपलो, सकाळी बघतो तर स्क्रीनवर दोन ५० अंकी संख्या, एक ३७९७५ ने सुरू होणारी, एक ४००९४ ने! चहा बाजूला ठेवून आधी पायथनमध्ये गुणून बघितलं, शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. खूप भारी वाटलं.

पण पहिल्या वेळी रात्री लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी जुनी, बंद पडला आणि सगळं काम गेलं. कारण कुठलं फोल्डर ते सांगितलं नाही तर तो फाइली टेंप फोल्डरमध्ये ठेवतो आणि माझ्या लिनक्सवर रीस्टार्टला ते फोल्डर साफ होतं. म्हणून सुरुवातीलाच स्वतःचं फोल्डर द्या, मग त्यातली स्नॅपशॉट फाइल दिली की थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं.

विंडोजवाल्यांनी सरळ लिनक्स टाकून घ्यावं, उगाच डोकेफोड नको. ८० अंकांच्या आतलं असेल तर याफू हे अवयव पाडायचंच दुसरं सॉफ्टवेअर वापरा, लवकर होतं. आणि कुठलीही अनोळखी संख्या थेट काडोत टाकू नका, आधी जीएमपी-ईसीएम हा लहान अवयव शोधणारा प्रोग्राम थोडा वेळ चालवा, कारण एखादा अवयव २० अंकी असेल तर ईसीएमला तो पटकन सापडतो, काडोला मात्र अवयव लहान असला काय मोठा असला काय, पूर्ण संख्येएवढीच मेहनत करावी लागते.