आखाती बाजारासाठी जिवंत मेंढी की मेंढीचे मांस?

मेंढपाळांच्या एखाद्या उत्पादक कंपनीला आखाती देशांत माल पाठवायचा असेल, तर जिवंत जनावरे पाठवायची की मांस, हे आधी ठरवावे लागते, कारण दोन्हींची यंत्रणा, परवाने आणि जोखीम निराळी आहे. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील भागीदारी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. तरीही केवळ शुल्काच्या तक्त्यावरून हा निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते. करारातून शुल्क ठरते. जनावर जहाजावर चढू द्यायचे की नाही, हे मात्र निर्यातदार देशातील कायदा आणि लोकमत ठरवते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये फ्रीमँटलहून आखाताकडे निघालेल्या ‘अवासी एक्स्प्रेस’ जहाजावर उष्म्याने सुमारे २,४०० मेंढ्या दगावल्या. पुढच्या वर्षी त्याचे चित्रीकरण लोकांसमोर आले, उन्हाळी फेऱ्यांवर निर्बंध आले आणि अखेर २०२४ मध्ये संसदेने कायदा करून १ मे २०२८ पासून समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात बंद करण्याचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या देशाने अमिरातीशी व्यापार करार केला, म्हणजे ग्राहक जवळ येत असतानाच जिवंत मेंढीची वाट मिटत होती.

गुरांच्या बाबतीत चित्र वेगळे दिसते. ऑस्ट्रेलियाच्या इंडोनेशियाशी झालेल्या, जुलै २०२० पासून लागू असलेल्या करारात पहिल्या वर्षी ५,७५,००० नर जनावरांना शुल्कमुक्त प्रवेश आणि पुढे दरवर्षी चार टक्के वाढ ठरली. हा व्यापार टिकला, कारण जनावरे तेथे नेऊन पोसण्याचा मोठा धंदा इंडोनेशियातच उभा आहे. तरीही जून २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो एकाएकी महिनाभर थांबवला होता, आणि ती बंदी बेकायदा होती असा निकाल यायला २०२० साल उजाडले. एवढी वर्षे कळ काढणे लहान मेंढपाळाला परवडणारे नाही.

आपल्याकडेही जून २०१८ मध्ये नागपूरहून शारजाला विमानाने शेळ्यामेंढ्या पाठवण्याचा बेत विरोधामुळे ऐनवेळी रद्द झाला.

जिवंत निर्यातीचा खरा फायदा बकरी ईदच्या मागणीत आहे, आणि त्यासाठी शीतगृह लागत नाही. मात्र विलगीकरण, वाटेतला चारा, वजनातली घट आणि मरतूक यांचा खर्च पाठवणाऱ्याच्या हिशेबात येतो. मांसासाठी अपेडाकडे (केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाकडे) नोंदणीकृत कत्तलखाना, शीतसाखळी आणि हलाल प्रमाणपत्र लागते. पण कातडे आणि रोजगार इथेच राहतात. माझा कल मांसाकडे आहे. मात्र आसपास एकच कत्तलखाना असेल, तर भाव तोच ठरवील. म्हणून दर जिवंत वजनावर की सोललेल्या धडाच्या वजनावर, आणि पैसे किती दिवसांत, हे कळप वाढवण्याआधी लेखी ठरवून घ्यावे.