ऑटो सीपॅप यंत्र : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

झोपेत मास्कमधून गरजेनुसार कमी-जास्त दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारे हे यंत्र मी केवळ घोरणे थांबावे म्हणून घेतले नाही. डाव्या हातातील ताकद काही मिनिटे जाऊन परत आली, तेव्हा मेंदुविकारतज्ज्ञांनी तो तात्पुरता पक्षाघात असल्याचे सांगितले आणि तीन गोळ्या चालू असूनही सकाळचा रक्तदाब का उतरत नाही हे पाहण्यासाठी झोपेची तपासणी करायला लावली. श्वास अडण्याचे किंवा उथळ होण्याचे प्रमाण, म्हणजे एएचआय, ताशी ४१ आले. ५ च्या आत असेल तर ते सामान्य आणि ३० च्या पुढे तीव्र मानतात.

झोपेत घसा मिटला की रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू शरीराला दचकवून उठवतो आणि त्या प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो. त्यामुळे रात्री एरवी उतरणारा दाब चढाच राहतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तदाब, मधुमेह, वजन हे सगळे हिशेबात धरूनही झोपेत असा श्वास अडणाऱ्या रुग्णांमध्ये पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट आढळला होता.

यंत्र देणाऱ्या विक्रेत्याने मात्र ‘हे लावलं की झटक्याची भीती संपली’ असे छातीठोकपणे सांगितले होते, आणि माझा मुख्य आक्षेप या दाव्यालाच आहे. २०१६ सालच्या ‘सेव्ह’ चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच होऊन गेलेल्या सुमारे २,७०० रुग्णांमध्ये सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची झोपाळू अवस्था आणि एकूण स्वास्थ्य तेवढे सुधारले. त्यात रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते. चार तासांहून अधिक वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात कमी आढळले खरे. पण जो माणूस रोज नेमाने मास्क लावतो तो गोळ्याही नेमाने घेत असणार, त्यामुळे सगळे श्रेय यंत्राला देता येत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर यंत्रातील नोंदीनुसार एएचआय आता ३ च्या आसपास असतो, दुपारची पेंग गेली आहे आणि डॉक्टरांनी रक्तदाबाच्या एका गोळीचा डोस कमी केला आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र तशीच चालू आहे, आणि ती यंत्राच्या भरवशावर कोणी बंद करू नये.

त्रास झाला तो मास्कचा. नाक झाकणारा मास्क मिशीमुळे नीट बसेना आणि हवा डोळ्यांवर येई. कोल्हापुरात मिशी काढण्याचा सल्ला देणे सोपे नाही, म्हणून नाकपुड्यांत बसणाऱ्या मऊ ‘उशा’ असलेला छोटा मास्क घेतला आणि गळती थांबली. इथल्या पावसाळ्यात ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट करणारी पाण्याची टाकी असलेला भाग, मोठा ठेवला की नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो, त्यामुळे तो अगदी कमी ठेवावा लागला; मार्चपासून पुन्हा वाढवला आहे. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. मुसळधार पावसात वीज गेली की यंत्र बंद पडून जाग येते, तेव्हा इन्व्हर्टरचा खर्च किमतीत धरूनच चालावे.

यंत्राला पाचांपैकी चार गुण देईन. शक्य असल्यास आधी महिनाभर भाड्याने घ्यावे, आणि मास्क दुकानात खुर्चीवर बसून न पाहता आडवे होऊन, कुशीवर वळून लावून पाहावा.