चाळीस पटीचं भिंग म्हणून काय विकतायत ते बघा

जुनी चावीची एचएमटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांसाठी लिहितोय, पण सोनारांनी आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यांनीही वाचा. हाच माल सगळ्यांच्या गळ्यात मारला जातोय.

ऑनलाइन जाहिरातीत '४०×२५, ट्रिप्लेट' (म्हणजे ४० पट मोठं दाखवणारं, २५ मिलिमीटर काचेचं) असं मिटून ठेवायचं भिंग आणि '९५ सीआरआय'चा (म्हणजे रंग खरे दाखवण्यात १०० पैकी ९५ गुणांचा) एलईडी दिवा, असा संच होता. भिंगाच्या पत्र्यावर ४०× ठसठशीत कोरलेलं. बॅलन्सचा, म्हणजे मागे-पुढे फिरणाऱ्या चाकाचा, पिव्हट (आसाचं बारीक टोक) झिजलाय का ते बघायला डोळ्याला लावलं, तर मधोमध तेवढं स्पष्ट, कडेला सगळं वाकडं आणि निळ्या-तांबड्या झालरी. ट्रिप्लेटमध्ये तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, त्या या झालरी घालवण्यासाठीच. यात एकच काच निघाली.

मग मोजलं. ही मोजणी घरी कुणालाही जमते. खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीचं चित्र भिंगातून पांढऱ्या कागदावर पाडायचं, ते स्वच्छ उमटेल तिथे भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने घ्यायचं आणि २५० ला त्या मिलिमीटरांनी भागायचं. या भिंगाचं अंतर ४५ च्या आसपास भरलं, म्हणजे जेमतेम साडेपाच पट. खरंच ४० पट असतं तर ते सव्वासहा मिलिमीटर भरलं असतं. एवढं जवळ भिंग नेल्यावर चिमटा घालणार कुठून आणि उजेड येणार कुठून? हिऱ्याची प्रतसुद्धा १० पटीवर ठरवतात. घड्याळाच्या रोजच्या कामाला तीन-चार पट पुरते, पिव्हट आणि ज्वेल (पिव्हट ज्यात फिरतो तो माणकाचा खडा) तपासायला १० पटीचं खरं ट्रिप्लेट घ्या.

दिव्याची जास्त चीड आली, कारण सीआरआय पट्टीने मोजता येत नाही. त्या उजेडात ज्वेलचा लाल माणिक मळकट विटकरी दिसायचा, आणि वाळून तपकिरी झालेलं जुनं तेल पितळेच्या रंगात मिसळून जायचं. तेलच दिसलं नाही तर साफ काय करणार? घड्याळाची तीच पितळी प्लेट खिडकीतल्या उन्हात धरली की डाग लगेच दिसायचा. दिवा घेताना लाल वस्तू आधी त्याखाली आणि मग उन्हात धरून बघा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये उजेडाची फडफड दिसली तर तो दिवा घेऊच नका, तासन्‌तास त्याखाली बसायचं असतं.

परत करतो म्हटल्यावर विक्रेत्याचं उत्तर: "पाकीट फोडलंय, आता परत घेता येणार नाही. आणि ४० हा मॉडेल नंबर आहे." हे साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पट्टी लावलेल्या भिंगाचा फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. भिंगाचे पैसे परत आले, दिव्याचं भांडण अजून चालू आहे. स्क्रीनशॉट मात्र माल मागवतानाच काढून ठेवा. तक्रारीनंतर त्या जाहिरातीतला 'ट्रिप्लेट' शब्द गायब झालाय आणि त्याच फोटोखाली आता ६०× लिहिलंय.