आईची टावी केली, त्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू (लीकबद्दल आधीच सांगितलं म्हणून चार स्टार)

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारपण आहे थोडी. आई 79 वर्षांची, एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराला रक्त जातं तिथली झडप) पार आवळून गेलेला, दोन जिने चढले की धाप, एकदा देवासमोर बसल्या बसल्या चक्कर. ओपन हार्ट नको म्हणाले सगळेच, मग टावी, म्हणजे मांडीच्या शिरेतून तार घालून नवीन झडप बसवतात ते. 2002 साली फ्रान्समध्ये अॅलन क्रिबिए यांनी पहिल्यांदा केलं होतं, आता आपल्याकडेही बरंच होतं.

आधी एका ठिकाणी गेलो तिथे दहा मिनिटांत पॅकेजचा कागद हातात. सीटी बघितलाय का विचारलं तर "ते आम्ही बघतो मॅडम". उठलो.

या दुसऱ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईलाच खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सीटी फिरवून फिरवून दाखवला. झडपेवर कॅल्शिअमचे पांढरेशुभ्र खडे, बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाला क्षार चढतात ना तसे. कॅल्शिअम स्कोअर 2300 च्या वर, बायकांमध्ये 1200 च्या पुढे गेला की व्हॉल्व्ह सिव्हिअर खराब असण्याची शक्यता धरतात, पुरुषांत 2000. पण ते म्हणाले की मला आकड्यापेक्षा खडा कुठे बसलाय त्याची काळजी जास्त आहे, आणि बोट ठेवलं एका गाठीवर, झडपेच्या रिंगच्या बरोबर खाली, एकाच बाजूला. ओपन हार्ट ऑपरेशनमध्ये सर्जन जुनी झडप कापून कॅल्शिअम खरवडून काढतो आणि नवीन झडप टाके घालून शिवतो, टावीत काहीच काढत नाहीत, जुनी झडप भिंतीला दाबून आत नवीन उघडतात, मग खडा टणक असला की नवीन झडपेची जाळी तिथे नीट टेकत नाही, फट राहते आणि बाजूने रक्त मागे येतं.

आई म्हणाली, "म्हणजे कुकरच्या रिंगखाली भाताचं शित अडकल्यासारखं." डॉक्टर हसले, म्हणाले काकू, अगदी तेच. (मग तिने विचारलं की आयुष्यभर दूध प्यायले म्हणून झालं का हे. नाही म्हणाले. तेव्हा कुठे परत दूध घ्यायला लागली.)

फुग्याने उघडणारी झडप त्यांनी नको म्हटलं, कारण तिला जोर लागतो आणि त्या खड्याच्या जागी रिंग फाटू शकते, क्वचित होतं पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून आपोआप उघडणारी घेतली, बाहेरून कापडासारखं आवरण असलेली, ते फटीत भरतं. त्यातही थोडं लीक राहू शकेल आणि पेसमेकर लागायची शक्यता जरा जास्त, हे दोन्ही सही घ्यायच्या आधी सांगितलं, नंतर नाही.

आणि तसंच झालं. झडप उघडल्यावर लीक मॉडरेट दिसलं म्हणून आतून एकदा फुगा फुगवला, माइल्डवर आलं. बाहेर येऊन म्हणाले अजून दाबून ट्रेसवर, म्हणजे अगदी नावापुरतं, आणता आलं असतं कदाचित, पण त्या गाठीपाशी मी थांबलो. मला हे फार आवडलं, माणूस थांबतो कुठे ते कळलं. जास्त लीक राहिलं तर हार्टवर ताण येतोच, माइल्डपण अगदी सोडून द्यायचं नसतं, इको (हृदयाची सोनोग्राफी) करत राहायचं. ठोके मंदावले तर म्हणून टेम्पररी पेसिंगची तार एक रात्र ठेवली, सकाळी काढली, कायमचा पेसमेकर लागला नाही.

आता एक स्टार कुठे गेला ते. चौथ्या दिवशी डिस्चार्ज, कागदावर नुसतं "माइल्ड पीव्हीएल" (म्हणजे तेच झडपेच्या बाजूने थोडं लीक) आणि देणारा ज्युनिअर पोरगा घाईत. तो कागद भावाला दुबईला पाठवला, त्याने रात्री दोनला गूगल करून फोन केला की व्हॉल्व्ह लीक होतोय आणि तुम्ही घरी कसे आणलंत, अर्धा तास त्याला शित आणि कुकर समजावत बसले. इतकं छान समजावणारा डॉक्टर तुमच्याकडे आहे, तर मराठीत चार ओळी लिहून द्यायला काय जातंय.

नर्सिंग उत्तम, पार्किंग विचारूच नका. आणि महिन्याने करायचा इको पॅकेजमध्ये धरलेला नसतो, काउंटरवर आधीच विचारून घ्या, आमचे वेगळे पैसे गेले.