सिनेटची पदवीधर नोंदणी : दाराशी अडचण, आत काम भरपूर

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला तिथल्या कारभारात कायद्याने हात घालायचा, तर नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव लावावं लागतं. १ मार्च २०१७ पासून लागू असलेल्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार हे पदवीधर सिनेटवर, म्हणजे अधिसभेवर, दहा जण निवडून देतात. पाच जागा खुल्या. महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांना प्रत्येकी एक. विद्यापीठ देत असलेली सेवा म्हणून याकडे पाहिलं तर पदवीधराच्या हाती काय लागतं, ते पाहू.

नोंदणी हा सगळ्यात कच्चा भाग. अर्ज ऑनलाइन असला तरी अडकतो तो कागदांवर. पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की अर्ज बाजूला पडतो, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांना हे सर्वाधिक भोवतं. विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद सुरुवातीलाच जोडावी. पत्ता नीट तपासावा, कारण मतदान केंद्र त्यावरून ठरतं. प्रारूप यादी लागली की हरकतीच्या मुदतीत आपलं नाव स्वतः शोधावं. अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

याद्यांचा घोळ किती मोठा असू शकतो, हे मुंबईत दिसलं. दुबार नावांच्या तक्रारींनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणूक ऐन तोंडावर स्थगित झाली. नव्याने नोंदणी होऊन अखेर २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं, तेही उच्च न्यायालयाची पायरी चढल्यावर. त्या वेळी यादीत होते १३,४०६ मतदार. मुंबईसारख्या विद्यापीठाच्या पदवीधरांच्या मानाने हा आकडा इतका लहान आहे की एकेका महाविद्यालयाने मनावर घेतलं तर निकाल फिरावा. नोंदणीला सगळ्यात आधी संघटना धावतात, त्यामागचं कारण हेच.

मतदानाची पद्धत उत्तम आहे, पण समजावून कुणी सांगत नाही. मत पसंतीक्रमाचं असतं. नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. बरोबरची खूण केली, १ हा आकडा दोघांसमोर लिहिला किंवा मतपत्रिकेवर सही केली, तर ती पत्रिका बाद. खुल्या गटात पाच जागा असल्याने वैध मतांना सहाने भागून एक मिळवायचा, की कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मतं, निघतो : ६,००० वैध मतं असतील तर १,००१. जिंकलेल्याची जादा मतं आणि स्पर्धेतून बाहेर पडलेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. म्हणून फक्त १ लिहून थांबणं म्हणजे मताचा अर्धाच उपयोग करणं. मोजणी रेंगाळते तीही यामुळेच.

आता खरी वस्तू. कायद्याच्या भाषेत सिनेट ही आर्थिक अंदाज आणि तरतुदींबाबतची प्रमुख प्राधिकारिणी आहे, आणि वर्षातून किमान दोनदा तिची बैठक व्हावी लागते. मार्चमधली अर्थसंकल्पाची बैठक महत्त्वाची. वित्त व लेखा समिती, मग विद्यापीठाचा कारभार पाहणारी व्यवस्थापन परिषद आणि शेवटी सिनेट, अशा वाटेने अर्थसंकल्प येतो. येईपर्यंत तो पुरता शिजलेला असतो. सकाळ स्थगन प्रस्तावांत जाते आणि कोट्यवधींच्या तरतुदी संध्याकाळी घाईत मंजूर होतात. हा या सेवेतला सर्वात मोठा दोष. व्यवस्थापन परिषदेत पदवीधरांपैकी दोघे जातात. आपण कुणाला मत देतोय हे ठरवताना तो तिथे टिकून बसेल का, याचाही विचार करावा.

अर्थसंकल्प वाचताना एकूण बेरीज सोडून द्यावी. शासनाकडून वेतनासाठी येणारं अनुदान आधी वजा करा. ते येतं तसं जातं. उरतं ते परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, मुदत ठेवींवरचं व्याज. मग प्रत्येक शीर्षाचे, म्हणजे जमाखर्चाच्या बाबीचे, तीन रकाने शेजारी ठेवा : गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढचा अंदाज. दोन कोटींची तरतूद, प्रत्यक्ष खर्च शून्य आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोन कोटी, अशी ओळ दिसली की प्रश्न सापडला. पीएम-उषासारख्या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेचा निधी वेगळा तपासावा. महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४० आहे, आणि राज्याचा हिस्सा लांबला की बांधकाम अर्ध्यावर थांबतं.

विद्यापीठ इतर संस्थांशी करतं त्या सामंजस्य करारांच्या बाबतीत मात्र सिनेट तोकडी पडते. करार करण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा. सिनेटला बहुधा झालेल्या करारांची यादीच मिळते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली विद्यापीठाने काढलेल्या ना-नफा संशोधन किंवा नवउद्योग कंपन्यांचं तसंच. विद्यापीठाने त्यांना दिलेली रक्कम अर्थसंकल्पात दिसते, पुढचा हिशेब कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदात. तो कंपनी निबंधकांकडून शुल्क भरून कुणालाही मिळतो. फारसं कुणी मागत नाही, हा भाग वेगळा.

सामान्य पदवीधराला सिनेटमध्ये थेट प्रश्न विचारता येत नाही, सदस्यामार्फत द्यावा लागतो. ‘परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांची सद्यस्थिती काय?’ असं विचाराल तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ एवढंच उत्तर हाती पडतं. त्याऐवजी कराराची तारीख, मुदत, विद्यापीठाने केलेला खर्च, गेलेल्या आणि आलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आणि पेटंटची मालकी कुणाची, असं कलमवार विचारावं. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकार आहे : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा, ३० दिवसांची मुदत. अर्जात अर्थसंकल्पीय शीर्षाचा क्रमांक घातला तर ‘प्रश्न संदिग्ध आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

केवळ मतदानासाठी नाव लावणार असाल तर या खटाटोपात फारसं काही हाती लागत नाही. मार्चचा अर्थसंकल्प उघडून बसायची आणि निवडून दिलेल्या सदस्याच्या मागे लागायची तयारी असेल तर नोंदणी जरूर करावी. अधिसूचनेची वाट न पाहता पदवी प्रमाणपत्राची सुवाच्य स्कॅन प्रत आणि नावबदलाचा कागद आत्ताच तयार ठेवावा. खिडकी उघडते तेव्हा फार दिवस उघडी राहत नाही.